हरण्याचं शिंग

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगायला मला आवडतं. वडील जत तालुक्यात विहिरी खणायचे आणि मी गुरांचा डॉक्टर झालो. आमच्याकडे प्रवास म्हणजे एक तर लग्नाला, नाहीतर मयताला. कामासाठी महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या अंगाला गेलेलाही मीच पहिला. राज्य एक होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण आमच्याकडच्या माणसाला वऱ्हाड अजून नकाशातच ठाऊक. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि थोडं तिथल्या माणसांचे आभार मानायलाही, कारण तिथं असताना ते मला नीट जमलं नाही.

गेलो होतो एका बैलाच्या शिंगासाठी. बैलाच्या शिंगाला कर्करोग होतो हे शहरातल्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. शिंगाच्या आत, मुळाशी, गाठ धरते. बैल मान झटकतो, खांबाला शिंग घासतो. मग शिंग एका बाजूला कलतं, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळलेलं पाणी येतं, वास सुटतो. इलाज म्हणजे शिंग मुळातून कापायचं. कापलं तरी गाठ पुष्कळदा पुन्हा वर येते.

मी ज्यांच्या हाताखाली नोकरी करत होतो ते आमचे सर वेगळ्याच वाटेनं निघाले होते. कापलेल्या शिंगांतल्या गाठी ते बारीक वाटत, त्यांतल्या पेशी फिनॉलनं मारत, ते पाणी गाळून बाटलीत भरत आणि दुसऱ्या आजारी बैलाला टोचत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडावरच विचारलं, की सर, रोगाचाच रस टोचून रोग कसा जाईल? सर म्हणाले, "तुझ्या घरी कुत्रं असेल ना? घरातलाच माणूस चोर निघाला तर ते भुंकतं का?"

गाठ ही शरीराच्या आपल्याच पेशींची. राखणदार पेशी तिच्या अंगावरून जातात, पण वास ओळखीचा म्हणून गप्प बसतात. तीच गाठ मेली, फुटली, तिच्या पोटातलं बाहेर सांडलं, की राखणदारांना पहिल्यांदा काहीतरी वावगं हुंगायला मिळतं. मग त्या वासाच्या मागावर ते जिवंत गाठीपर्यंत जातात आणि तिथं मारामारी सुरू होते. बैलाला ताप येतो, शिंगाचं मूळ सुजतं, लाल होतं. सूज म्हणजे कुत्रं भुंकलं, असं सर म्हणायचे. चहा पिता पिता कधी अर्धवट स्वतःशीच ते आणखी पुढं जायचे. म्हणायचे, एक दिवस बाहेर नेऊन मारायची गरजच उरणार नाही. गाठीतल्या थोड्या पेशींच्या आतच असं काही पेरता येईल की त्या आपल्याच हातानं मरतील, आणि मरता मरता बाकीच्यांचा पत्ता सांगून जातील. आम्ही माना डोलवायचो आणि बाहेर येऊन हसायचो. आता मी हसत नाही.

निघताना सरांनी एक ताकीद दिली. सूज येईल हे मालकाला आधी सांगायचं नाही. "लोक भले असतात. तुला सूज हवी आहे हे कळलं तर नसलेली सूजसुद्धा दाखवतील. त्यांच्या तोंडून आपणहून येऊ दे." मला हे अगदी पटलं. शिकलेल्या माणसाला असलं काही लगेच पटतं.

नांदुरा

गाडीतून उतरलो तेव्हा थंडीचे दिवस होते आणि स्टेशनाबाहेर सगळा कापूस. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाच्या फाटकापासून रस्त्यावर लांबवर उभ्या. बाभळीच्या काट्यांना, बैलांच्या वशिंडांना, हॉटेलातल्या चहावरसुद्धा कापसाचे पुंजके. आमच्याकडे दुष्काळी माळावर वाढलेल्या माणसाला एवढी काळी जमीन आणि एवढं पांढरं पीक एकदम पाहिलं की जमीनच नटूनथटून बसल्यासारखी वाटते, आपण मात्र मळक्या कपड्यांत.

औषधाची बाटली थर्मासात बर्फात ठेवली होती. उघडून पाहिलं तर बर्फाचं पाणी झालेलं, आणि पाणीही कोमट व्हायच्या बेतात. सोड्याच्या दुकानात बर्फ मागितला. दुकानदारानं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"थंडीत बर्फ? साहेब, तब्येत बरी हाय नं तुमची?"

औषधासाठी हवा, बैलाच्या, असं सांगितल्यावर त्याची चेष्टा एकदम थांबली. कोणाचा बैल, कोणत्या गावचा, काय झालं, सगळं विचारून घेतलं. बर्फ नव्हताच. पण त्यानं घरातलं लहान मडकं आणलं, त्याला ओलं पोतं गुंडाळलं, बाटली आत ठेवली आणि मला एसटीपर्यंत सोडायला आला. कंडक्टरला बजावलं, यांना सावलीच्या बाजूला बसव, यांच्याजवळ बैलाची दवाई हाय. कंडक्टरनं एका म्हाताऱ्याला उठवून मला जागा दिली. मी नको नको म्हणत होतो, तर म्हातारबाच म्हणाले, "बसा हो. तुमच्यासाठी नाई उठलो, बैलासाठी उठलो."

इथली बोली पुण्यात कोणी बोललं तर लोक हसतात. मी पुण्यात असताना माझ्याही बोलण्याला हसणारे होते, म्हणून मी हसलो नाही. पण ऐकत राहिलो. 'मले', 'तुले', आणि 'का'च्या जागी 'काऊन', हे कानाला दोन दिवस टोचले, आणि तिसऱ्या दिवशी गोड लागायला लागले.

धामणगाव बढे

बैल तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याचा. पन्नाशीचा, उंच, बोलायला कमी. बोलायचं सगळं काम त्याची बायको पंचफुलाबाई करी. मला ती पहिल्या तासापासून 'भाऊ' म्हणायला लागली. मडक्यातली बाटली पाहून ती म्हणाली, हे विहिरीत सोडा की, आमच्या विहिरीचं पाणी दाताले लागते इतकं थंड. बादलीत बाटली ठेवून आम्ही ती दोरानं खाली सोडली. विहीर पाहून मला बरं वाटलं. बांधकाम साधं, पण दगड मापात बसवलेले. मी तसं म्हटल्यावर तुळशीराम पहिल्यांदा हसला. त्याच्या आज्यानं बांधलेली होती.

आजारी बैलाचं नाव हरण्या, जोडीदाराचं मोऱ्या. दोघं एकाच गोठ्यात वासरापासून वाढलेले. हरण्याचं डावं शिंग कानाकडे झुकलं होतं, आणि मुळाशी फटीतून गाठीचं मांस वर आलं होतं. वास येत होता. मी हात पुढे केला तर त्यानं अशी मान फेकली की मी शेणात बसलो.

तिथंच पंचफुलाबाईंचा धाकटा भाऊ किसना उभा होता. गावापलीकडे नाल्यावर त्याचं वावर होतं, वावर म्हणजे शेत. तो म्हणाला, "म्या ऐकलं होतं गुरांची डाक्टरकी बसून करत नाईत."

पंचफुलाबाईंनी त्याला दटावलं. पण त्याचं म्हणणं काही वाईट नव्हतं. असे दोन बैल त्यानं पाहिले होते, दोन्ही शिंग कापूनही मेले. तो म्हणे, कशाला हाल करता, आठवडी बाजारात खाटकाचा माणूस येतो, त्याला देऊन मोकळे व्हा. तुळशीरामनं मोऱ्याच्या गव्हाणीत चारा सारला. मग मला एवढंच म्हणाला,

"जोडी फोडली त मोऱ्या गव्हाणीत तोंड घालणार नाई, साहेब. तुमी पाहा काय होते का."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीतून बाटली काढून मी इंजेक्शन दिलं. औषध कशाचं आहे तेही खरं सांगितलं, दुसऱ्या बैलाच्या मेलेल्या गाठीचं. पंचफुलाबाई म्हणाली, मग तो बैल आमच्या हरण्याचा सोयराच झाला म्हणायचं. सूज, ताप, कशाचाच शब्द मी काढला नाही. मी संग्रामपूरकडे जाऊन येतो, आल्यावर काय फरक पडला ते सांगा, एवढं बोललो. तुळशीरामनं मान हलवली. कसलाच प्रश्न विचारला नाही, आणि मी शहाणा, मला ते बरंच वाटलं.

संग्रामपूर

संग्रामपूरच्या बाजूला असलेच आणखी काही बैल बघून यायचे होते. उत्तरेला सातपुडा दिवसभर निळा दिसतो आणि संध्याकाळी एकदम जवळ येऊन बसल्यासारखा होतो. ज्या शेतकऱ्याकडे उतरलो तिथं वावरात हुरडा भाजला. आमच्याकडे हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, इथं जवसाची. पहिल्या घासाला मला ती मातकट लागली, आणि निघताना मी पुडी बांधून मागितली.

त्या घरची बाई मला आग्रह करकरून वाढत होती. डावा हात सारखा पदराखाली. निघायच्या दिवशी पदर सरकला तेव्हा दिसलं, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेलं. मी आलो त्याच सकाळी चुलीवर भाजलं होतं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं, माझ्या पेटीत मलम होतं. तिचा नवरा म्हणाला, "पाहुण्याच्या ताटात आपलं दुखणं वाढत नसतेत, साहेब."

मला हे नवीन होतं. आमच्या जतकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी रडगाणं आणि मग पाण्याचा तांब्या. पाऊस नाही, कंबर दुखते, सून ऐकत नाही, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय चहा मिळत नाही. मी मनात म्हटलं, हे लोक आपल्यापेक्षा थोर आहेत. थोर होतेच. पण त्या थोरपणाचा माझ्या कामाशी काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पुन्हा धामणगाव

परत आलो ते दुपारी. एसटीतून उतरलो तो जवळजवळ पळतच गोठ्याकडे निघालो, हे कबूल करतो. इतक्या दिवसांत सूज यायला हवी होती. आली असेल तर सरांची वाट खरी. नसेल तर शिंग कापायचं, आणि ते कापलेले बैल किसनानं पाहिलेच होते.

गोठ्यात एकटा मोऱ्या.  पंचफुलाबाई लगबगीनं बाहेर आली. हरण्या कुठं? तो किसनाच्या वावरात आहे, तिकडं तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, चांगलं आहे म्हणून नेला. खातो का? खाते नं. ताप आला होता का? नाई हो. आणि शिंगाला सूज? मी शक्य तितक्या सपाट आवाजात विचारलं. पंचफुलाबाईंनी तुळशीरामकडे पाहिलं.

"सूज? नाई, बाप्पा. सूज कायची? काहीच नाई," तुळशीराम म्हणाला. त्याला मी इतकं घाईनं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

सगळं संपलं. कुत्रं भुंकलंच नाही. मी ओट्यावर बसलो. त्यांनी माझ्यासाठी रोडगे घातले होते. रोडगे म्हणजे गव्हाच्या पिठाचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, फोडायचे, आणि तूप ओतून वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्याकडे असा पदार्थ नाही. एरवी मी चार खाल्ले असते. त्या दिवशी पहिलाच हातात घेऊन बसलो. पंचफुलाबाई सारखी म्हणे, खा भाऊ, खा. तिचा आवाजही जरा जड वाटला. मला वाटलं धुरामुळे.

मला गोड बोलता येत नाही. वडिलांचं एक सांगणं असायचं की विहिरीला पाणी लागलं नाही तर मालकाला त्याच दिवशी सांगावं, म्हणजे तो दुसरी जागा तरी बघेल. मी रोडगा ताटात ठेवला आणि सांगून टाकलं. "तुळशीरामभाऊ, माझं औषध चाललं नाही. चाललं असतं तर ताप आला असता, शिंग मुळाशी सुजलं असतं. तेवढ्यासाठीच मी आलो होतो. आता शिंग कापू या, पण बैल वाचेलच असं मी सांगणार नाही."

 पंचफुलाबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"सूज याले पायजे होती?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"चांगली सूज?"

"हो. का?"

तिनं वाटी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. तुळशीराम उठला, कोनाड्यातला पटका घेतला आणि म्हणाला, "चला." ताटं तशीच.

नाल्यापर्यंतच्या वाटेवर सगळं कळलं. मी गेल्यावर काही दिवसांनी हरण्याला थरथरून ताप आला. शिंगाचं मूळ फुगलं, डोळा मिटला. त्यांना वाटलं दवाई उलटली. गावातले येऊन बघायला लागले, डॉक्टरला बोल लावायला लागले, तेव्हा तुळशीरामनं बैल रातोरात किसनाच्या वावरात हलवला. पाहुण्याचं नाव नको. तो परत येईल, चार घास खाईल, आपल्या गावी जाईल. मग बाजाराच्या दिवशी किसना हरण्याला घेऊन जाईल. किसनानं खाटकाच्या माणसाला तसा शब्दही देऊन ठेवला होता. बाजार परवावर आला होता.

पंचफुलाबाई माझ्या मागून चालत होती. तिचं बोलणं मला पाठीवर ऐकू येत होतं.

"एवढ्या दुरून आले तुमी. कोनाचे तरी लेक आहा. तुमाले कसं सांगू का तुमच्या दवाईनं आमचा बैल मारला मनून?"

 सरांना भीती होती की लोक माझ्या सुखासाठी नसलेली सूज दाखवतील. या लोकांनी माझ्याच सुखासाठी असलेली सूज लपवली होती.

किसनाचं वावर

हरण्या लिंबाखाली बसला होता. डोक्यावर ओलं फडकं. मी फडकं काढलं. शिंगाचं मूळ नारळाएवढं सुजलेलं, कातडी ताणून लाल, हात ठेवला तर चटका बसावा अशी तापलेली. पण मी पाहत होतो ते त्याच्या आत. गाठीची कड काळी पडून सुटायला लागली होती. जिथं महिनाभर मांस नुसतं वर येत होतं तिथं ते आत बसत होतं. त्या बाजूची नाकपुडी कोरडी होती. रक्त नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

किसना विळा घेऊन आला. मी त्याला सांगितलं, हे चांगलं आहे, बैलाचं अंग आता गाठीशी भांडतं आहे.

"हे चांगलं?" तो म्हणाला. "मंग तुमच्या पुस्तकात वाईट कसं दिसते?"

मी म्हटलं, वाईट म्हणजे गाठ वाढत जाते आणि बैल शांत असतो. त्यानं थोडा विचार केला. मग बहिणीकडे वळून म्हणाला, "बाई, म्हंजे म्या नेला असता बाजारात, त बरा होत असलेला बैल नेला असता?"  तो विळा घेऊन पलीकडे गेला आणि उगाचच गवत कापत बसला.

मी मुक्काम वाढवला. रोज सकाळी मीठ-पाण्यानं जागा धुवायची, माशा बसू द्यायच्या नाहीत, एवढंच माझं काम. बाकीचं हरण्याचं अंगच करत होतं. ताप उतरला. एका सकाळी गाठीचा मोठा काळा तुकडा आपोआप गळून कुटारात पडला. खाली ताजी गुलाबी जागा. पंचफुलाबाईंनी तो तुकडा काडीनं उलटून पाहिला आणि ती म्हणाली, एवढंसं होतं, आणि केवढ्याले खाऊन राह्यलं होतं. त्या दिवसापासून तिनं मला सगळं खरं सांगायला सुरुवात केली. मीठ-पाणी जास्त झालं, तुमाले धुता येत नाई, सरका. शेवटी ती स्वतःच धुवायला लागली. मला त्याचा फार आनंद झाला.

एका बैलावरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. परत गेल्यावर सर पहिलं वाक्य तेच बोलले. शिंग थोडं वाकडं राहीलच, आणि गाठ पुन्हा आलीच तर मला कळवा, असंही मी तुळशीरामला सांगून आलो. गोड करून सांगितलं नाही. पण विद्या शिकायला मी कॉलेजात गेलो, आणि ती विद्या जगवायला मला या घरानं जागा दिली. माझं तोंड पडू नये म्हणून आपला बैल गमवायला तयार झालेली माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. त्यांना मी नीट 'उपकार झाले' असंही म्हणू शकलो नाही. म्हणायला गेलो, तर तुळशीराम म्हणाला, काऊन?

मी त्याला एक मात्र सांगितलं. पुन्हा कोणी डॉक्टर आला तर दुखणं लपवू नका, मग तो जेवत असला तरी. तो म्हणाला, "पाहू." खोटं कबूल केलं नाही, हे मला आवडलं.

बाजाराचा दिवस

पण हे सगळं नंतरचं; सूज दिसल्यापासून तिसऱ्याच दिवशी बाजार होता, हरण्याला आम्ही गोठ्यात परत आणलं होतं, आणि किसना सकाळीच आला. दिलेला शब्द मोडतो हे खाटकाच्या माणसाला तोंडावर सांगायचं होतं, आणि त्याला एकट्याला जायला लाज वाटत होती. तुळशीराम त्याच्याबरोबर गेला. मी गोठ्यात बसून राहिलो. खरं सांगायचं तर दोघं परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाजारात माणसाचं मन फिरतं, आणि तो बैल माझा नव्हता.

उन्हं कलल्यावर दोघं आले. किसना म्हणाला, तो माणूस पुष्कळ बोलला. मग त्यानं विचारलं बैलाला झालं तरी काय, तर म्या सांगितलं, त्याले चांगली सूज आली हाय. तो म्हणाला तुमी लोक पागल झाले. सांगताना किसनाच हसत होता.

 तुळशीरामच्या खांद्यावर नवी मोरकी होती, तोंडावर बांधायची, लाल-पिवळ्या सुताची, गोंडेवाली. तो हरण्यापाशी गेला. डाव्या कानाच्या मागून ती घालताना हात अगदी सावकाश चालवला. हरण्यानं मान झटकली, शिंगासाठी नव्हे, नव्या सुतासाठी.

"नवं हाय बे," तुळशीराम त्याला म्हणाला. "चावते थोडं."

आणि गाठ मारली.